दहाच्या आतला पट आणि मंत्र्यांचा हिशेब

सोसायटीचं कर्ज, उसाचा दर, कॅनॉलचं पाणी यावर आपण पारावर अर्धी रात्र घालवतो. पण गावच्या शाळेचा पट किती, असं कुणी विचारलं की गुरुजींच्या तोंडाकडं बघतो. आता हा पटच शाळा राहणार की उठणार ते ठरवतो, म्हणून आज थोडं त्यावर.

डिसेंबर २०१७ ची गोष्ट. भाजपचे त्यावेळचे शालेय शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या खात्याने दहाच्या आत पट असलेल्या राज्यातल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत मिसळायच्या ठरवल्या. मंत्र्यांचं म्हणणं असं, की पाच-सात पोरांच्या शाळेत ना खेळ ना चढाओढ. आम्ही शाळा बंद करत नाही, मुलांना चांगल्या शाळेत नेतो. त्याच महिन्यात कंपन्यांनाही स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढता याव्यात, अशी दुरुस्ती विधिमंडळात मंजूर झाली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर पुण्यात म्हणाले, शाळांनी सरकारपुढं कटोरा धरण्यापेक्षा माजी विद्यार्थ्यांकडं मदत मागावी. त्यावर बराच गदारोळ झाला. पण या तिन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या, की विचार साफ दिसतो. शाळा हा सरकारचा खर्च, तो आवरता घ्यावा. उरलेलं समाजानं आणि भांडवलवाल्यानं बघावं.

यातलं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. एका वर्गात चार इयत्ता आणि चौघांत मिळून तीन पोरं, असं चित्र आपण पाहिलेलं आहे. ज्या गावात हमरस्त्यावर दुसरी शाळा हाकेच्या अंतरावर आहे, तिथं दोन्ही शाळा एक केल्या तर कुणाचं बिघडणार नाही.

पण पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरात जा. तिथं शेजारची वाडी डोळ्यांना दिसते आणि मधे कोयनेचं पाणी असतं. जावळी तालुक्यातल्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडून आणि पुढं जंगलातून चालत शाळेला जातात, ही बातमी वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचीच ही नातवंडं. इकडं जत-आटपाडीला पाणी आडवं येत नाही, पण वस्त्या माळावर विखुरलेल्या. सहा वर्षांची पोर एकटी तीन किलोमीटर उन्हात धाडणार कोण? थोरला भाऊ जाईल, पोरगी घरी राहील. मंत्रालयातल्या तक्त्यात ती 'समायोजित' झालेली असेल.

माजी विद्यार्थ्यांनी द्यावं, हे तर सातारकरांना कुणी शिकवायलाच नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली ती रयतेच्या मूठ मूठ धान्यावर. बोर्डिंगातली पोरं राबून शिकली. पण अण्णांनी सरकारी अनुदान कधी कमीपणाचं मानलं नाही. ते रयतेच्याच कराचं होतं. १९४८ मध्ये मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं, तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं, हेही ध्यानात ठेवा. लोक मदतीला धावले, संस्था तगली, आणि पुढं सरकारला अनुदान पुन्हा सुरू करावं लागलं. रयतेनं दिलं ते सरकारला मोकळं सोडण्यासाठी नव्हे. आणि ज्या वाडीतला एकही पोरगा अजून साहेब झालेला नाही, तिनं माजी विद्यार्थी आणायचा कुठून?

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं तोच आकडा पुन्हा लिहिला. मधल्या काळात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, आकडा काही गाठला गेला नाही.

तावडे यांच्यानंतरही विषय मिटला नाही. २०२३ मध्ये दीपक केसरकर मंत्री असताना वीसच्या आतल्या पटासाठी 'समूह शाळा' पुढं आली. नाव बदललं, हिशेब तोच.

सरपंच मंडळी आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले भाऊसाहेब) यांना एक विनंती आहे. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा, ही कायद्यातली तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, तेही कायद्यानंच. सही करण्यापुरती ही समिती ठेवू नका. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची पदं ठरतात. त्याआधीच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घ्या. शेजारच्या शाळेचं अंतर नकाशावर मोजू नका, आषाढात पायवाटेनं चालून मोजा. ओढा किती दिवस भरलेला असतो, होडी कोण चालवतं, हे ठरावात लिहा आणि पंचायत समितीत त्याची पोच घ्या.