आशाताईंचे काम नसबंदीपुरते नाही



‘आशा स्वयंसेविका केवळ नसबंदीच्या केसेस शोधत फिरतात’ हे एका वाचकाचे मत वाचून वाईट वाटले. केंद्राने कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे १९९६ मध्येच रद्द केली. आशा योजना आली २००५ मध्ये. आज आशाताईच्या पिशवीत निरोध आणि माला-एन, छाया या गोळ्या असतात. ‘अंतरा’ इंजेक्शनसाठी ती बाईला आरोग्य केंद्रात घेऊन जाते. रामटेक-पारशिवनीच्या गावांत नव्या सुनेला सासूसमोर जे बोलता येत नाही, ते आशाताईजवळ बोलता येते.

खरी खंत वेगळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के. बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी असूनही पुरुष पुढे येत नाहीत. हा दोष आशाताईंचा नव्हे, आपल्या घरांचा आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मानधनासाठी मोर्चा नेणाऱ्या या बायांना दूषणे नकोत, साथ हवी.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, रामटेक (जि. नागपूर)