यादीत नसलेले ठिकाण

मागील अंकात आम्ही उभयता व्हेनिसचा निरोप घेऊन आगगाडीत बसलो, तेथवर वाचकांना आणून सोडले होते. तेथून दोन-सव्वादोन तासांत गाडी फ्लॉरेन्सला पोचते. आर्नो नदीच्या काठी वसलेल्या या नगरीला इटालियन लोक फिरेंझे म्हणतात. ज्या गल्लीत शिरावे तेथे एखादा शिल्पकार, चित्रकार अथवा कवी होऊन गेलेला. त्यामुळे काय पाहावे यापेक्षा काय सोडावे हाच प्रवाशापुढे प्रश्न असतो.

माझ्यापुरता तो प्रश्न मी बडोद्यासच सोडविला होता. सेवानिवृत्तीनंतर हाताशी वेळ भरपूर; महिनाभर खपून मी एक यादी तयार केली होती. मुक्काम तीन दिवसांचा, स्थळे एकोणीस. यादी होत असताना आमची ही एवढेच म्हणाली होती, "तिथं आमच्या कोल्हापूरच्या महाराजांची छत्री आहे. तेवढी लिहा ना." मी म्हणालो, "पाहू." नवऱ्याच्या तोंडच्या 'पाहू' या शब्दाचा अर्थ वाचक भगिनींना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सांता मारिया देल फ्योरे हे महामंदिर पाहिले. त्याची पायाभरणी 1296 साली झाली. परंतु एवढ्या रुंद पोकळीवर घुमट कसा उभारावा, हे कोडे पुढे शंभरांहून अधिक वर्षे सुटले नव्हते. ते ब्रुनेलेस्कीने सोडविले. जमिनीपासून लाकडी आधार न देता, एकात एक गुंफलेल्या विटांचे थर चढवीत त्याने 1420 ते 1436 या काळात हा घुमट पुरा केला. वर जाण्यास 463 पायऱ्या आहेत. हिचे गुडघे काही वर्षांपासून दुखतात. तिला खाली पायऱ्यांवर बसवून मी एकटाच वर गेलो. तांबड्या कौलांचे ते नगर, मधून वाहणारी आर्नो आणि भोवतालच्या टेकड्या पाहता पाहता दीड तास कसा गेला ते कळले नाही.

खाली आलो तेव्हा ही समोरच्या बाप्तिस्मागृहाच्या सोनेरी दारांकडे पाहत बसली होती. गिबेर्तीने ज्या दारांसाठी आयुष्याची सत्तावीस वर्षे वेचली, तीच ही दारे. मूळ दारे आता संग्रहालयात असून येथे त्यांच्या प्रतिकृती आहेत.

"कसं होतं वर?" तिने विचारले.

"अप्रतिम! तू असायला हवी होतीस."

"मी इथंच होते," ती म्हणाली.

त्या उत्तराकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. यादीतले पुढचे नाव खुणावत होते.

दुसऱ्या दिवशी मायकेल अँजेलोचा डेव्हिड पाहिला. पाच मीटरांहून उंच असा हा संगमरवरी तरुण 1504 साली पूर्ण झाला. सायंकाळी पोंते वेक्यो या जुन्या पुलावर गेलो. 1345 सालच्या या पुलावर दुतर्फा सोनारांची दुकाने आहेत. पूर्वी येथे खाटीक बसत; 1593 साली राजाज्ञेने त्यांना उठवून सोनारांना जागा दिली गेली. ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील इतर सारे पूल उडविले, एवढा एकच राखला. शेजारचा सांता त्रिनिता पूल लोकांनी नदीत पडलेले दगड वर काढून, जुन्याच घडणीने पुन्हा बांधला आणि 1958 साली तो खुला झाला. त्यावरील वसंतदेवतेच्या मूर्तीचे मस्तक तेवढे सापडत नव्हते; ते 1961 साली नदीच्या पात्रात मिळाले व पुन्हा धडावर बसविले गेले.

ही कथा मी उत्साहाने सांगत होतो. ही कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होती. "याच नदीकाठी का हो महाराजांना अग्नी दिला?" तिने मधेच विचारले. मी म्हणालो, "हो. पण ते ठिकाण गावाच्या पार टोकाला आहे. उद्या दुपारी दोनची उफ्फीझीची तिकिटे काढली आहेत. जाऊन येणे जमायचे नाही." ती काहीच बोलली नाही. रात्री मात्र सामान आवरताना म्हणाली, "तुमची एकोणीस ठिकाणं मी तुमच्याबरोबर पाहिली, नाहीतर खाली बसून तुमची वाट पाहिली. माझं एकच होतं."

रागाने बोलली असती तर मी वादाला उभा राहिलो असतो. ती शांतपणे बोलली, आणि मला झोप लागली नाही.

सकाळी लवकर आम्ही ट्रामने काशीने उद्यानाशी उतरलो. नदीच्या कडेने पसरलेल्या या उद्यानातून छत्रीपर्यंत तीनेक किलोमीटर चालावे लागते. दाट झाडांखालच्या वाटेने ही एकदाही न थांबता चालली. वाटेत एका वृद्ध गृहस्थांना मी रस्ता विचारू लागलो. "इंदियानो" एवढा शब्द ऐकताच त्यांनी हसून हाताने दिशा दाखविली.

जेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते, तेथे ती छत्री उभी आहे. नक्षीदार खांब, वर घुमट आणि आत भरजरी पोशाखातील एका कोवळ्या तरुणाचा अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेस गेले होते. त्या प्रवासात ते रोजनिशी लिहीत. ती पुढे 1872 मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. इटलीत त्या काळी दहनाची चाल नव्हती. तरी अधिकाऱ्यांनी खास अनुज्ञा दिली आणि दोन नद्यांचा संगम पाहून येथे अंत्यसंस्कार झाले. छत्री 1874 साली उभारली. तिचा आराखडा चार्ल्स मॅन्टचा व पुतळा फुलर या शिल्पकाराचा. याच मॅन्टने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि आमच्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे मूळ आराखडे केले. हिचे माहेर आणि सासर असे एकाच हाताने जोडलेले पाहून मला मोठे नवल वाटले.

हिचे वडील कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. ज्यांचे नाव त्या कॉलेजाला आहे, त्यांची गोष्ट ते लेकीला सांगत आणि शेवटी म्हणत, "कधी गेलीस तर नमस्कार करून ये." हे मला त्या दिवशी, इतक्या वर्षांच्या संसारानंतर, प्रथमच कळले. मी कधी विचारलेच नव्हते.

हिने वाटेत वेचलेले एक पिवळे पान कठड्याशी ठेवले व हात जोडले. मग विचारले, "वय काय होतं हो?"

"वीस."

"वीस वर्षांचं पोर, घरापासून इतक्या लांब. शेवटी जवळ आपली माणसं होती ना?"

"होती. कोल्हापुराहून बरोबर आलेली मंडळी होती."

"मग बरं," ती म्हणाली आणि तेथल्या बाकावर बसली. मीही शेजारी बसलो. जवळच्या मोठ्या पुलावरून वाहने धावत होती. 1978 साली खुल्या झालेल्या त्या पुलालाही लोक या छत्रीवरून 'इंदियानो'चाच पूल म्हणतात. परक्या मुलखात मरण पावलेल्या त्या तरुणाचे नाव पुष्कळांना ठाऊक नसेल, परंतु त्याची आठवण त्या गावाने अशी रोजच्या बोलण्यात सांभाळली आहे.

हिचे गुडघे पाहता परतीला घाई करणे शक्य नव्हते. मध्ये चार वेळा बसलो, आणि दोनची वेळ टळली. उफ्फीझी, म्हणजे जुन्या राज्यकारभाराच्या कचेऱ्यांची ती इमारत, आम्ही बाहेरूनच पाहिली. आतील बोत्तिचेल्लीची चित्रे राहून गेली याची हळहळ मला आजही वाटते; ती वाटत नाही असे लिहिणे खोटेपणाचे होईल. परंतु फ्लॉरेन्स म्हटले की मला प्रथम घुमटावरचा देखावा आठवत नाही, संगमाजवळचा तो बाक आठवतो.

वाचकांपैकी कोणी जोडीने प्रवासास निघणार असतील, तर त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: यादी अवश्य करावी, मात्र पहिली ओळ आपल्या सोबत्याला लिहू द्यावी. आणि ते ठिकाण का लिहिले, हेही विचारावे. पुढील अंकी रोमला जाऊ. तेथील यादी हिच्या हातची आहे.