गडावरचे तंबू आणि गडाखालचा केर

डिसेंबरातील एखाद्या शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाऊन पाहावे. आकाश निरभ्र, थंडी कडाक्याची आणि पठारावर रंगीबेरंगी तंबूंची वसाहत. ठिकठिकाणी शेकोट्या, त्यांच्याभोवती ध्वनिवर्धकावरची गाणी आणि मधूनच शिवरायांचा जयघोष. सकाळी सूर्योदयाची छायाचित्रे काढून मंडळी निघून जातात. मागे उरतात राखेचे काळे डाग, अर्धवट जळालेल्या चकचकीत पुड्या, कागदी पेले आणि झुडपांआड दगडाखाली सरकवलेले ओले कागद. या कड्यावरून वर चढणारा वारा प्रसिद्ध आहे. हलकी वस्तू खाली टाकली तर ती वाऱ्याबरोबर परत वर येते. बाटली मात्र परत येत नाही. ती दरीत जाते, आणि आपल्या लेखी गड स्वच्छ होतो.

हे करणारे कोण, असे विचारले की आपण सहजपणे 'शहरातले उनाड टोळके' असे उत्तर देतो. उत्तर सोयीचे आहे, पण पूर्ण खरे नाही. त्या तंबूंत सुशिक्षित कुटुंबे असतात, शाळांच्या सहली असतात, गाडीवर भगवा लावून आलेले तरुणही असतात. शिबिराला जाताना स्वतःचे ताट, वाटी आणि पेला बरोबर नेण्याची सवय ज्यांना बालपणापासून आहे, तेच गृहस्थ कुटुंबासह गडावर जाताना टाकाऊ थाळ्यांचा गठ्ठा विकत घेतात. शिबिरातली शिस्त शिबिरातच का राहते, हा प्रश्न आधी आपण आपल्यालाच विचारला पाहिजे.

महाराजांचे नाव घेऊन गडावर जाणाऱ्याला महाराजांच्या राज्याचे नियम ठाऊक असावेत, ही अपेक्षा फार मोठी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात वा तटालगत केर पडू देऊ नये. पडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला पिकवावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. केर खाली लोटण्याचा मोह त्या काळीही होता म्हणूनच ही सूचना करावी लागली. पण तो केर पालापाचोळ्याचा होता. आज त्याच आज्ञेचा आधार घेऊन प्लास्टिक जाळणारे भेटतात! प्लास्टिकच्या राखेत भाजी पिकत नाही. तिच्या धुराने श्वास कोंडतो आणि तिचा अंश पावसाबरोबर टाक्यांत उतरतो.

दुसरा दाखला राज्याभिषेकाच्या सुमाराचा. चिपळूणजवळील लष्करी छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, हा त्यातला भाग आपण भाषणांतून नेहमी सांगतो. त्याच पत्रात विस्तवाविषयी किती बारकाईने लिहिले आहे, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी वारा न पाहता चिलीम पेटवील, रात्री जळता ठेवलेला दिवा उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी भस्म होतील, अशी धास्ती राजा स्वतः व्यक्त करतो. मुक्कामाच्या जागी आपल्यामुळे काय बिघडू शकते, याचा विचार मुक्कामाआधी करणे, हा त्या पत्राचा गाभा आहे. आजच्या शेकोटीबहाद्दरांना तो लागू नाही काय?

सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर मुळातच पातळ असतो. कित्येक ठिकाणी काही इंच माती आणि खाली कातळ. दर आठवड्याला त्याच जागी तंबू ठोकले की ती माती घट्ट होते, गवताचे मूळ मरते आणि पुढच्या पावसात ती वाहून जाते. शेकोटीसाठी तोडलेली ओली फांदी डोळ्यांना दिसते, पण गोळा केलेले वाळके लाकूडही फुकटचे नसते. त्यात कीटक राहतात, कुजून त्याचीच माती होते. हा सारा परिसर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, याचेही भान कोणाला असते? माघ-फाल्गुनात गवत वाळलेले असताना उडालेली एक ठिणगी डोंगराची सबंध उतरण जाळू शकते. कातळात खोदलेल्या टाक्यांना नदीसारखा प्रवाह नसतो. त्यांत साबणाचे भांडे विसळले तर तो साबण वर्षभर तिथेच राहतो, आणि तेच पाणी उन्हाळ्यात माणसे आणि जनावरे पितात. शौचाचा विषय सभ्यपणाच्या नावाखाली टाळला जातो. पाण्यापासून किमान सत्तर पावले दूर, वीतभर खोल खड्डा खणून तो मातीने बुजवणे, इतके साधे काम आहे. त्यासाठी एक खुरपे पुरते.

वळवाच्या सुमारास भंडारदऱ्याकडे निघणाऱ्या काजवा-सहलींची तर वेगळीच तऱ्हा. नर काजवा प्रकाशाची उघडझाप करून मादीला साद घालतो. तिथे शेकडो गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या झगमगू लागल्या, तर त्या सादेला उत्तर कसे मिळायचे? झाडाखालच्या ओल्या मातीत त्यांची पुढची पिढी असते, ती पायांखाली जाते. काजवे पाहायला जाऊन काजवेच संपवायचे, असा हा उत्सव आहे.

यावर ठरलेला उपाय म्हणजे गडस्वच्छता मोहीम. त्या मोहिमांत घाम गाळणाऱ्या तरुणांबद्दल मनात आदर आहे. तरीही सांगितले पाहिजे की मोहीम हे आता पापक्षालनाचे साधन होऊ लागले आहे. पोती भरून कचरा खाली आणल्याचे छायाचित्र छापून येते, आणि पुढच्या शनिवारी तेवढाच कचरा वर चढतो. राज्यात 2018 पासून आणि देशभर 2022 पासून अनेक टाकाऊ प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. पण पायथ्याच्या वाटेवर पिशव्या तपासायला शिपाई किती नेमणार? जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, याचा अभिमान योग्यच आहे. यादीबाहेरच्या शेकडो गडांना मात्र कोणी राखणदार नाही.

तरुणांनी मग गडावर जाऊच नये काय? जरूर जावे. पण वर तंबू ठोकण्याचा हट्ट कशासाठी? पायथ्याच्या गावातील घरात रात्र काढावी, पिठलं-भाकरी खावी, तिचे रास्त पैसे द्यावेत आणि पहाटे चढावे. माथ्यावरचे गवत वाचते, आणि शहरातल्या आयोजकाच्या खिशात जाणारा पैसा गावात राहतो. वर राहायचेच असेल तर दहा-बारांच्याच गटाने, शेकोटीवाचून, स्वतःचे ताट घेऊन राहावे आणि वेष्टने घरीच काढून शिधा डब्यांत भरावा. 'मागे खूण ठेवू नका' ही अमेरिकेतली शिकवण आता इथल्या गिर्यारोहकांतही रुजते आहे. ती परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की अमात्यांची आज्ञा तर घरचीच होती ना, ती आपण किती पाळली?

पावसाळा संपला की शाखा-शाखांतून, शाळा-शाळांतून सहलींची आखणी सुरू होईल. यंदा त्या बैठकीत बसभाड्याच्या आधी एक प्रश्न घ्यावा: वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली कोण आणणार, त्याचे नाव काय?