निर्बीजीकरणाची दुसरी बाजू

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकापाठोपाठ एक आदेश दिले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले गेले. २२ ऑगस्टला त्यात बदल होऊन, पिसाळलेली व आक्रमक वगळता इतर कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारातून ती हटविण्याचा आदेश निघाला. यावर देशभर वाद झडला. एका पक्षाने चावे सोसणाऱ्या मुलांकडे बोट दाखविले, दुसऱ्याने भूतदयेकडे. आणि दोन्ही दाखले खरेच होते. परंतु निर्बीजीकरणाचा विचार झाला तो बहुतांशी संख्या आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून. ज्या मादीवर ही शस्त्रक्रिया व्हायची, तिच्या प्रकृतीचा प्रश्न बाजूलाच राहिला.

पशुवैद्यकात पायोमेट्रा या नावाने ओळखला जाणारा रोग म्हणजे गर्भाशयात पू साचणे. माज ओसरल्यावर, गर्भ राहो वा न राहो, मादीच्या शरीरात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल असतो. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, स्राव वाढतात आणि आकुंचन मंदावते. माजाच्या काळात आत शिरलेल्या जंतूंना, बहुधा ई. कोलाय जातीच्या, तेथे आयते घर मिळते. माज ओसरल्यावर काही आठवड्यांनी मादी अन्न टाकते, पाणी फार पिते, मलूल होते. गर्भाशयाचे मुख उघडे असले तर पू बाहेर येऊन रोग ओळखू येतो. ते मिटलेले असले तर पोट फुगते, विष रक्तात भिनते आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास मृत्यू ओढवतो.

हा रोग विरळा नाही. स्वीडनमध्ये १९८८ पर्यंत वैद्यकीय कारणाविना कुत्र्यांच्या निर्बीजीकरणास मनाई होती व पुढेही ते तेथे फारसे रुळले नाही. तेथील विम्याच्या नोंदींवर आधारलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वयाच्या दहा वर्षांच्या आत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना हा रोग जडल्याचे दिसले. अंडाशये व गर्भाशय पूर्णपणे काढलेल्या मादीला मात्र तो होत नाही. निसर्गात ढवळाढवळ नको म्हणणाऱ्यांनी निसर्गाचा हा हिशेबही पाहावा.

घरात कुत्री पाळणाऱ्या मध्यमवर्गाकडेही या दोषाचा वाटा येतो. एकदा तरी पिले होऊ द्यावीत, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण एका वेताने पुढील माजांचा धोका टळत नाही. माज टाळण्यासाठी दिलेली संप्रेरकाची इंजेक्शने तर तो वाढवितात. शस्त्रक्रियेलाही जोखीम असते आणि योग्य वय जातीनुसार बदलते, म्हणून निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्यानेच व्हावा. मात्र तो टाळत राहणे हादेखील एक निर्णयच असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावरच टाकली आहे.

रस्त्यावरच्या मादीला मालक नाही. तिची जबाबदारी स्थानिक संस्थेची. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतल्या आजारी मादीचा ताप कोण पाहणार? तिच्या बाबतीत प्रतिबंध हाच एक उपचार. म्हणूनच निर्बीजीकरण हे नगांवर देयके काढण्याचे काम होऊन चालणार नाही. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर माज पुन्हा येतो व उरलेल्या भागातही पू होऊ शकतो. तेव्हा स्वच्छ शस्त्रक्रियागृह, प्रशिक्षित हात आणि नंतरची देखभाल यांवरचा खर्च चैनीचा नव्हे. महापालिकांनी आपल्या अहवालांत शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांची संख्या व शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू स्वतंत्रपणे द्यावेत, एवढी मागणी तरी करदात्यांनी केली पाहिजे.

नागरिकांची सुरक्षितता आणि मुक्या प्राण्याचे दुःखनिवारण ही दोन्ही उद्दिष्टे एकाच शस्त्रक्रियेने साधतात, असा योग सार्वजनिक व्यवहारात क्वचित येतो. तो वादाच्या धुरळ्यात वाया जाऊ नये.