शर्यत चालविणारे

शर्यत म्हटली कीं जिंकणाराचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. ती चालविणाराचें नांव कोणी विचारीत नाहीं. विचारतात तें एकाच प्रसंगीं, म्हणजे कांहीं बिघडलें तर. गेल्या क्रीडादिनापासून हा विचार आमच्या मनांत घोळत आहे, आणि त्यास कारणही तसेंच घडलें आहे. तें आम्ही पुढें सांगणारच आहों. तत्पूर्वीं वाचकांस थोडा वेळ मुंबईच्या बंदरांत नेण्याची परवानगी असावी.

आमच्या कॅम्प ४ मधून समुद्र दिसत नाहीं. परंतु आपल्या गांवास जिचें नांव मिळालें ती उल्हास नदी वसईच्या खाडीवाटे समुद्रासच मिळते, आणि येथील कित्येक घरांतील वडील मंडळी १९४७ सालच्या फाळणीनंतर कराचीहून आगबोटीनें मुंबईस उतरलेली आहेत. तेव्हां समुद्र आपणांस अगदींच परका नव्हे. विठ्ठलवाडी स्टेशनावर लोकल गाडींत बसून मुंबई गांठावी व गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर उभें राहावें. पावसाळा सरल्यानंतरच्या दिवसांत शिडाच्या होड्या पाण्यावर फिरतांना पुष्कळ वेळां दृष्टीस पडतात. धक्क्याजवळच रॉयल बॉम्बे यॉट क्लब ही १८४६ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. १९८२ सालीं दिल्लीस आशियाई खेळ भरले, तेव्हां शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रांत झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनें फायरबॉल जातीच्या होडींत सुवर्णपदक मिळविलें. हीं नांवें क्रीडाप्रेमी लोकांस ठाऊक आहेत. त्या शर्यतींत नांगरलेल्या नौकेवर उभें राहून निशाण कोणी चढविलें व कोणी उतरविलें, हें विचारण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं.

तें काम किती अवघड आहे तें पाहा. धांवण्याच्या शर्यतीस मैदानावर चुन्याची रेघ आंखली कीं झालें. समुद्रावर रेघ उमटत नाहीं. म्हणून शर्यत-अधिकारी आपली नौका नांगरून ठेवितो, तिच्यापासून कांहीं अंतरावर एक बोया सोडवितो, आणि नौकेवरील निशाण व तो बोया यांमधील कल्पित रेषा हीच आरंभरेषा ठरते. पहिला टप्पा बहुधा वाऱ्यासमोरचा असतो. शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊं शकत नाहीं; ती नागमोडी मार्गानें चढत जाते. अशा वेळीं आरंभरेषा वाऱ्याशीं काटकोनांत नसेल, तर एका टोंकाकडून निघणारास आयतीच आघाडी मिळते आणि सर्व होड्या त्याच टोंकाशीं गर्दी करितात. म्हणून अनुभवी अधिकारी होकायंत्र हातीं घेऊन वाऱ्याची दिशा पुनःपुन्हां मोजतो व लिहून ठेवितो. त्यांत मुंबईच्या बंदरांत भरती-ओहोटीची ओढही जबर. वारा मंद असून पाण्याची ओढ रेषेपलीकडे असली, म्हणजे मनांत नसतांही होड्या रेषेपार वाहत जातात. हें सर्व ध्यानांत घेऊन शर्यत सोडावयाची कीं थांबवावयाची, हें त्यानें ठरवावयाचें असतें.

आरंभाच्या पांच मिनिटें आधीं पहिलें निशाण चढतें व चार मिनिटें आधीं दुसरें. एक मिनिट उरलें कीं दुसरें उतरतें, आणि पहिलें उतरतांच शर्यत सुरू होते. त्या त्या वेळीं तोफ किंवा भोंगा वाजवितात. पण नियम असा आहे कीं वेळ निशाणावरून धरावयाची, आवाजावरून नव्हे. तोफ उडाली नाहीं तरी शर्यत अडत नाहीं. एखाददुसरी होडी आधीं रेषा ओलांडील, तर तिला परत बोलाविण्याचें निशाण निराळें. पुष्कळ होड्या एकदम पुढें जाऊन कोणकोणत्या गेल्या हें ओळखतां येईना, तर सर्वांस माघारें बोलाविण्याचें निराळें. शर्यत लांबणीवर टाकण्याचें व चालू शर्यत रद्द करण्याचें, अशीं आणखी दोन निशाणेंही त्याच्यापाशीं तयार असतात.

आमच्या मतें अधिकाऱ्याची खरी परीक्षा हीं शेवटचीं निशाणें चढवितांना होते. शर्यत सोडणें सर्वांस हवें असतें. खलाशी तयार असतात, पाहुणे खोळंबलेले असतात, दिवस कलत असतो. अशा वेळीं 'अजून नाहीं', किंवा 'पुन्हां पहिल्यापासून' असें सांगून शेंकडों लोकांचा रोष पत्करणें सोपें नाहीं. परंतु समुद्र कोणाची भीड धरीत नाहीं. १९७९ सालीं इंग्लंडांतील फास्टनेट शर्यतींत वादळानें १५ खलाशांचे प्राण घेतले. ज्या खेळांत निसर्ग असा भागीदार आहे, त्यांत घाई न करणारा माणूस लागतो.

आतां आमच्या क्रीडादिनाकडे वळूं. त्या दिवशीं शंभर मीटरच्या शर्यतीस इशारा देण्याचें काम आमच्याकडे होतें. इशारा होण्यापूर्वींच एक मुलगा सुटला व त्याच्या मागोमाग आणखी दोघे. आम्हीं तें पाहिलें. परंतु ऊन चढलें होतें, पाहुणे बसले होते, आणि कार्यक्रम अर्धा तास मागें पडला होता. आम्हीं मुलांस परत बोलाविलें नाहीं. जो मुलगा प्रामाणिकपणें रेषेवर थांबला होता, तो चौथा आला. सायंकाळीं त्याचे वडील आम्हांस भेटले. ते रागावले नव्हते. ते इतकेंच म्हणाले, "सर, रेषेवर थांबावयास आपणच त्याला शिकविलें होतें ना?" आम्हीं उत्तर दिलें कीं पंचाचा निर्णय अखेरचा असतो. तें उत्तर आम्हांस आजतागायत टोंचत आहे.

कारण शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत असें उत्तर चालत नाहीं. तेथील आंतरराष्ट्रीय नियमांत एक तरतूद आहे. शर्यत-समितीच्या चुकीमुळें, स्वतःचा दोष नसतांना, एखाद्या होडीचा क्रमांक बिघडला, तर तिला दाद मागतां येते व पंचमंडळ ती ऐकून घेतें. इतकेंच नव्हे, तर समिती स्वतः होऊन त्या होडीसाठीं दाद मागूं शकते. म्हणजे अधिकाऱ्यानें आपलीच चूक पंचांपुढें मांडावी, अशी तेथें सोय आहे, आणि तसें करण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं.

त्याच नियमान्वयें दुसऱ्याच्या मदतीस धांवल्यामुळें ज्याचें नुकसान झालें, त्यासही न्याय मिळतो. १९८८ सालच्या सोल ऑलिंपिकांतील नौकांच्या शर्यती दक्षिण कोरियांतील पुसान येथें झाल्या. कानडाचा लॉरेन्स लेम्यू हा फिन जातीच्या होडींत दुसरा चालला असतां, सिंगापूरच्या खलाशांची होडी उलटून ते उसळत्या समुद्रांत सांपडलेले त्याला दिसले. त्यानें आपली वाट सोडून दोघांसही वांचविलें. अर्थात् तो मागें पडला. पंचमंडळानें त्याला त्या शर्यतींत दुसराच क्रमांक दिला. पदक त्यास मिळालें नाहीं. परंतु कूबेर्तें यांच्या नांवाचें सन्मानपदक देऊन त्याचा गौरव करण्यांत आला. केवळ घड्याळावर बोट ठेवणाऱ्या पंचांनीं हा न्याय केला नसता.

कोणी म्हणेल कीं आतां उपग्रहाच्या साह्यानें होडीची जागा अचूक कळते. मग या अनुभवी माणसांचें काय काम? यंत्र होडी कोठें आहे तें सांगेल. वारा आणखी दहा मिनिटें टिकेल कीं नाहीं, दमलेल्या मुलांस आणखी एक शर्यत झेपेल कीं नाहीं, हें माणसासच ठरवावें लागतें. म्हणूनच आंतरराष्ट्रीय शर्यत-अधिकाऱ्यास नियमांच्या परीक्षेबरोबर प्रत्यक्ष शर्यती चालविल्याचा अनुभवही दाखवावा लागतो. दर चार वर्षांनीं नियमांची सुधारलेली आवृत्ति निघते, आणि केंस पिकलेल्या अधिकाऱ्यासही ती नव्यानें अभ्यासावी लागते.

पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मैदानावर पंचावर ओरडूं नये. मात्र चूक दिसली तर त्या गृहस्थाप्रमाणें शांतपणें विचारावें, अवश्य विचारावें. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, धांवतां येत नाहीं म्हणून क्रीडादिनीं घरीं बसूं नका. घड्याळ धरणें, रेषेवर नजर ठेवणें, क्रमांक टिपणें, हीं कामें शिका. पुढील वर्षापासून वरच्या वर्गांतील मुलामुलींस हीं कामें रीतसर शिकवून मगच द्यावीं, अशी सूचना आम्हीं शाळेपुढें ठेविली आहे.

राहिला तो रेषेवर थांबलेला मुलगा. ती शर्यत पुन्हां घेतां येत नाहीं, व दिलेलीं बक्षिसें परत मागणें बरें नव्हे. परंतु चूक आमची होती, त्याची नव्हती, हें त्याच्या सोबत्यांस व सर्व पालकांस कळावें म्हणून तें येथें छापून सांगत आहों. त्याच्या वतीनें आम्हीं मागितलेली ही दाद आहे. तिचा निवाडा वाचकांनीं करावा.