वरातीचा डीजे : कला की केवळ गोंगाट?

संपादक महाशयांस,


टेक्नो संगीताचा विषय निघाला की आपल्याकडील लेखणी डेट्रॉइट, बर्लिन आणि फार तर गोव्यातील हणजूण येथवर जाऊन थांबते. मराठवाड्यातील वरातींचा डीजे मात्र केवळ पोलीस ठाण्याच्या दप्तरी, ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीखाली, दाखल होतो. ही वाटणी मला मान्य नाही.

प्रांतोप्रांतीच्या संगीताची तुलना करावयाची, तर यंत्राच्या कर्त्याच्या ध्यानीमनी नसलेले काम त्या यंत्राकडून कोणी करून घेतले, हे पाहावे लागते. एकट्या गिटारवादकास खर्जाची साथ पुरविण्यासाठी रोलंड कंपनीने काढलेले टीबी-३०३ हे यंत्र त्या कामी नापास झाले, आणि १९८७ साली शिकागोच्या ‘फ्युचर’ या चमूने त्याच्याच खुंट्या पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना निर्माण केली. पण त्याच यंत्रावर मुंबईचे चित्रपटवादक चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच एका तबकडीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले होते, आणि त्या तबकडीची दखल जगाने घेतली ती २०१० साली, हॉलंडातील एका संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केल्यावर! हणजूणच्या किनाऱ्यावरही युरोपीय गाण्यांतील शब्द गाळून, फितींवर नुसती लय लांबविण्याची युक्ती निघाली, हे खरे. पण ती बहुतांशी पाहुण्यांची.

आमच्या भोकरदन तालुक्यातील पोरे लॅपटॉपवर हलगी-संबळाचे बोल कापून चार ठोक्यांच्या यांत्रिक चौकटीत बसवू पाहतात, तेव्हा गोंधळाची सहा मात्रांची चाल तीत मावत नाही. मग कधी ठोका मोडावा लागतो, कधी गीत, आणि या मोडतोडीतून जी तिसरीच लय उद्भवते, तीस सर्जन म्हणण्यास प्रत्यवाय कोणता?

आवाजाची वकिली मी करीत नाही. रात्री दहानंतरची मनाई रास्तच आहे, आणि बॉक्सांची भिंत शेजारच्या गावाहून उंच करण्यातच पुरुषार्थ मानणारे डीजे-मालक हे या कलेचे पहिले वैरी होत. माझी खरी फिर्याद निराळी आहे: प्रत्येक मिक्समध्ये डीजेचे नाव चारदा गर्जते, परंतु ज्याची हलगी त्यात कापून घातली, त्या पिढीजात वादकाचे नाव कोठेच नसते. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोस आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत बसविले. आपण निदान सणावारी, लग्नसराईत, या वादकांची नावे व गावे आपल्या पत्रात छापावीत, एवढीच दरखास्त.

आपला,
एक वाचक
हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना