डांबर नसलेल्या वाटेने

आमच्याकडे लोक येतात ते बहुधा अर्ज लिहून घ्यायला. कुणाचे रेशनकार्डात नाव चढवायचे असते, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला अडकलेला असतो. पण यंदा पावसाळा संपता संपता वस्तीतल्या एक ताई आल्या, त्या कागद न घेताच. त्यांचा मुलगा वडखळच्या पलीकडे ठेकेदाराकडे कामाला आहे. शिफ्ट संपवून रात्री सायकलने घरी येताना हायवेवर एक ट्रेलर त्याला घासून गेला. हात मोडला, जीव वाचला. प्लॅस्टर काढायला अजून पंधरा दिवस होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सगळीकडं फिरता. पोराला हायवे सोडून दुसरी वाट काढून द्या."

रामवाडीत राहणाऱ्याला हायवे म्हणजे काय ते सांगायला नको. एस.टी. इथेच थांबते, आमची सकाळ इथेच सुरू होते. पूर्वी त्याला सतरा नंबर म्हणत, आता सहासष्ट म्हणतात. पळस्पे ते इंदापूर रुंदीकरणाचे काम २०११ साली निघाले आणि दहा वर्षे उलटली तरी पुरे झाले नव्हते. रस्ता रुंद झाला तसा गाड्यांचा वेग वाढला, पण सायकलवाल्याला मात्र कडेची तीच वीतभर खडी राहिली.

तेव्हा आम्ही दोन रविवार काढले. आमची ॲटलास सायकल बाहेर काढली, तेलपाणी केले. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला, आणि ३ जून हा जागतिक सायकल दिन! असो.) कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, मीही येते. तिने मोबाईलवर आम्हाला एक नवाच प्रकार दाखवला. 'ग्रॅव्हल' सायकल. म्हणजे खडीची, कच्च्या वाटेची. परदेशात हा मोठा खेळ झाला आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ पासून कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते. तिथला मुलूख चुनखडीच्या टेकड्यांचा, आणि त्या चुनखडीत गारगोटीचे असे धारदार तुकडे असतात की टायर चिरले जातात. २०२२ साली इटलीत या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

किंमत विचारली. स्वस्तातली म्हटली तरी आमच्या महिन्याच्या पगाराला भिडणारी. मग आम्ही बी.कॉम. माणसाच्या सवयीने जमा-खर्च तपासला. या सायकलीत विशेष काय? तर टायर रुंद, अडतीस ते पंचेचाळीस मिलिमीटर, आणि हवा कमी. शर्यतीच्या सायकलीत शंभर पौंड हवा ठासत असत, हिच्यात तीस-चाळीस पुरते. त्यामुळे खडा आला की टायर उसळत नाही, दबून जातो. आम्ही टेप आणली आणि आमच्या ॲटलासचे टायर मोजले. अठ्ठावीस बाय दीड इंच. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर! पोस्टमन, दूधवाले आणि आमचे वडील आयुष्यभर जी सायकल कच्च्या वाटेवर चालवत आले, तिचेच टायर आता नवे नाव घेऊन आले आहेत. मुलगी म्हणाली, "बाबा, पण त्यांना गिअर असतात." हे मात्र खरे. पुढे चढावर ते आम्हाला चांगलेच कळले.

चुनखडीच्या मुलखात रस्ता पांढरा असतो, पाणी जमिनीत मुरून जाते, दगड विरघळून गुहा होतात. आपल्या राज्यात ती चुनखडी पाहायची तर चंद्रपूरकडे कोरपना-राजुऱ्याला जावे, तिथले सिमेंटचे कारखाने तिच्यावरच उभे आहेत. आपल्या पेण-रोह्याकडे काळा पाषाण, त्याचा झिजून झालेला मुरूम, आणि मुरूडच्या बाजूला गेले की लाल जांभा. मुरूम ओला करून दाबला की घट्ट बसतो, सायकलला उत्तम. जांभ्यावर पावसात शेवाळ धरते, तिथे ब्रेक जोराने दाबू नये. आणि खारेपाटाची चिकणमाती! तिच्याबद्दल आता सांगतो.

पहिल्या रविवारी आम्ही पश्चिमेला गेलो. विचार असा की भोगावतीच्या खाडीकडेने, वढाव, वाशी, शिर्की या खारेपाटातल्या गावांच्या बाजूने बांधाबांधाने वडखळ गाठावे. सकाळची वेळ, एका बाजूला भाताची कापणी, दुसऱ्या बाजूला तिवरे आणि चिखलात उभे बगळे. बांध म्हणजे नुसती वाट नव्हे. बाहेरकाठ्याला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षे ती जमीन भात देत नाही. पलीकडे अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला तो अशाच खारजमिनीवर, आणि बाबासाहेबांनी खोतीविरुद्धचे बिल मांडले ते १९३७ साली. मुलीला हे पुस्तकातून ठाऊक होते. पायाखाली ती माती असताना सांगितले तेव्हा ती थांबून बघत राहिली.

सहा-सात किलोमीटर छान गेले. मग बांध ओला लागला. ती माती टायरला धरते, मडगार्डमध्ये ठासते आणि चाक जागच्या जागी बसते. काटकीने उकरायची, वीस पावले जायचे, पुन्हा उकरायची. पुढे एक उघाडी आली. भरतीचे पाणी अडवणारी तिची दारे, आणि पलीकडे जायला फक्त एक फळी. आम्ही सायकल खांद्यावर घेतली. मुलगी पुढे होऊन हात धरायला उभी राहिली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते थोडे लाजिरवाणे वाटते, पण हात धरला. रात्रपाळीहून येणाऱ्या पोराला या फळीवरून पाठवायचे? नाही. आम्ही तिथेच वहीत फुली मारली.

दुसऱ्या रविवारी खरे तर काही काम नव्हते. मुलीने हट्ट धरला म्हणून पूर्वेला खोपोली रस्त्याने कामार्लीकडे निघालो. याच बाजूला विनोबांचे जन्मगाव गागोदे आहे आणि भोगेश्वरी नदीवरचे हेटवणे धरण. धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. मुख्य रस्ता सोडून आम्ही एका कच्च्या वाटेला लागलो. साग, ऐन, मध्येच करवंदीच्या जाळ्या. ओढ्यात अजून पाणी होते. वाट मुरुमाची, नुकती वाळलेली. ॲटलास अशी काही धावली की आम्ही घंटी वाजवत सुटलो. चढ लागला तेव्हा मात्र उतरून ढकलणे आले. (दगडावर बसण्याआधी तो उलटून पाहावा. आपल्याकडे लाल विंचू आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडकडे त्यावर प्राझोसिनचा उपचार बसवला, त्याआधी माणसे जात.)

वाटेच्या शेवटी कातकऱ्यांची वाडी होती. आमच्या खिशातली वही पाहून एक म्हाताऱ्या बाई उठून आल्या. "मोजायला आलाव का? डांबर कधी टाकताव?"

आम्ही नुसते फिरायला आलोय, हे सांगताना जीभ जड झाली. बाईंनी पाणी दिले. पावसात ही वाट वाहून जाते. सून अडली तेव्हा चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, चौघांनी खाली रस्त्यापर्यंत नेली. मूल वाचले का, हे विचारायचा आम्हाला धीर झाला नाही. मुलीने विचारले. वाचले होते. ते समोरच अंगणात कोंबडीमागे धावत होते.

परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, इथं डांबर पडलं तर या वाटेची मजा जाईल." थोडे पुढे जाऊन स्वतःच म्हणाली, "पण पडू दे." शहरातले सायकलवाले कच्ची वाट जपा म्हणतात, त्यात वाईट काही नाही, जंगलातून मोठा रस्ता गेला की पुढे काय काय जाते ते आपण पाहतोच. पण वाडीपर्यंत रुग्णवाहिका जाईल एवढे डांबर पडलेच पाहिजे. आमची मजा आम्ही दुसरीकडे शोधू.

ताईंना मात्र आम्ही वाट देऊ शकलो नाही, तसे स्पष्ट सांगितले. मुलाच्या सायकलला मागे लाल दिवा आणि मडगार्डवर चमकती पट्टी आम्ही लावून दिली. रात्रपाळीचे चौघे एकत्र निघतात असे ठरले. ठेकेदाराने गाडी द्यावी म्हणून चौघांच्या सह्यांचा अर्ज लिहिला. त्याच बैठकीत वाडीच्या रस्त्याचाही लिहिला, बाईंचा अंगठा घ्यायला मुलगी सायकलने पुन्हा वर गेली.

दोन्ही अर्ज सोमवारी दिले. पोच घेतली आहे.